चार रविवारांचे रीडिंग

रविवार, ६ ऑक्टोबर

सकाळी साडेपाचला उठलो. दूध तापवले. वलवण धरणाच्या बाजूने फिरून आलो, चाळीस मिनिटे. दहा वाजता कौमुदी पुण्याहून आली. जेवलो: आमटी, भात, तिने आणलेली भाजी. पाच वाजता ती गेली. कौमुदीची आई, इंदिरा, गेल्याला आज शहात्तर दिवस झाले.

एवढे लिहून वही मिटणार होतो. पण आज बापलेकीत एक करार झाला आहे, तो नोंदवून ठेवलेला बरा.

कौमुदीचे म्हणणे असे की मी हे घर बंद करून पाषाणला तिच्याकडे राहायला यावे. शार्दूल, म्हणजे जावई, कंपनीच्या कामासाठी मार्चपर्यंत जर्मनीत आहे, तेव्हा जागेचा प्रश्न नाही. इथले घर एका एजंटाला द्यायचे, तो शनिवार-रविवारी पर्यटकांना देईल. मी म्हणालो, मी इथे बरा आहे. त्यावर ती म्हणाली, "'बरा आहे' हे काही रीडिंग नाही, बाबा. तुम्हीच म्हणायचात ना, आकडा सांगा?"

हे खरे आहे. तळेगावच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे इन्स्पेक्शनला होतो. माल बरा आहे असे सांगणाऱ्याला मी परत पाठवत असे. कौमुदीलाही शाळेत असताना 'पेपर चांगला गेला' असे कधी म्हणू दिले नाही.

मग तिने पर्समधून एक कागद काढला. ती एका मोठ्या कंपनीत एच.आर.ला आहे. तिथे चारशे लोकांकडून दर तीन महिन्यांनी हा फॉर्म भरून घेतात. एकूण दहा शब्द. पाच चांगले: आनंदी, समाधानी, शांत, उत्साही, प्रफुल्लित. पाच वाईट: दुःखी, भयभीत, संतप्त, एकाकी, अपराधी. गेल्या आठवड्यात कोणते किती वेळा वाटले, त्याला एक ते पाच आकडा द्यायचा. एक म्हणजे जवळजवळ नाही, पाच म्हणजे सतत. चांगल्यांच्या बेरजेतून वाईटांची बेरीज वजा करायची. शून्य किंवा वर असेल तर माणूस ठीक.

करार असा: पुढचे चार रविवार मी फॉर्म भरायचा. चारांची बेरीज शून्य किंवा वर आली तर मी वलवणला राहणार आणि ती पुन्हा विषय काढणार नाही. शून्याखाली आली तर दिवाळी झाली की पाषाण. कलम तिनेच सांगितले: शून्याखालच्या माणसाने एकटे राहायचे नाही. चौथा रविवार भाऊबीजेचा आहे, त्या दिवशी ती इथे येऊन निकाल पाहील. दोघांनी सह्या केल्या. तिची सही अजून शाळेतल्यासारखीच आहे.

सोमवार, ७ ऑक्टोबर

आठवडाभराचे रविवारी आठवून लिहिणे मला पटत नाही. खिशातल्या छोट्या वहीत दहा रकाने आखले. भावना आली की लगेच तिथे रेघ मारायची.

पहिल्याच दिवशी अडचण. 'शांत' या रकान्यात काय धरायचे? घर दिवसभर शांत असते. घराची शांतता आणि माझी शांतता एकच का, हे फॉर्मवर दिलेले नाही. तूर्त घराची धरली.

साडेअकराला नंदाबाई आल्या. त्या वलवण गावातल्याच, आमच्याकडे अठरा वर्षे कामाला आहेत. मी चटणी वाटता वाटता रेघा मारतो आहे हे पाहून त्यांनी विचारले. मी सांगितले की राग आला की नोंद करतो. कुणाचा राग, म्हणाल्या. मिक्सरचा, म्हणालो. त्यांनी मिक्सरकडे पाहिले आणि सांगितले की झाकण उलटे लावले आहे.

'संतप्त' खाली त्या वेळेपर्यंत सहा रेघा होत्या. त्या खोडल्या नाहीत. राग आला होता हे खरेच होते.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. यंदा आमच्या घरी वर्षभर सण नाही, त्यामुळे तोरण बांधले नाही. शेजारच्या बंगल्यात मुंबईचे दहा-बारा जण उतरले आहेत. सकाळपासून स्पीकर. 'संतप्त' नऊ रेघा. चारच्या सुमारास लक्षात आले की एका गाण्यावर मी बराच वेळ पायाने ठेका धरला होता. हे कोणत्या रकान्यात टाकावे ते कळेना, म्हणून सोडून दिले.

रविवार, १३ ऑक्टोबर

पहिले रीडिंग.

आनंदी २, समाधानी २, शांत ४, उत्साही २, प्रफुल्लित १. बेरीज अकरा.

दुःखी ४, भयभीत १, संतप्त ३, एकाकी ३, अपराधी ५. बेरीज सोळा.

उणे पाच.

'अपराधी'ला पाच का, ते इथे लिहीत नाही. आकडा बरोबर आहे.

फोटो काढून कौमुदीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. मग दुपारी, मग चहाच्या वेळी, मग जेवताना. काय जेवलात, कुठे बसलात, टीव्ही लावलाय का. या आठवड्यात तिचे एकूण एकोणीस फोन झाले. भोक मोजायचे गेज इतक्यांदा घालून पाहिले तर भोकच मोठे होते, हे तिला सांगायला हवे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

फिरताना मूळ चूक सापडली. उणे पाच हा आकडा आला खरा, पण कशाच्या मानाने? कोणतेही माप मास्टरशी, म्हणजे खात्रीच्या नमुन्याशी, ताडून पाहिल्याशिवाय मी एकतीस वर्षांत वापरले नाही. साधारण ठीक असलेल्या माणसाचे रीडिंग काय येते? ते जर उणे सहा असेल तर मी चांगलाच आहे.

म्हणजे आधी चार ठीक माणसे शोधून त्यांचे फॉर्म भरून घेतले पाहिजेत. बाजारातून पन्नास झेरॉक्स काढून आणल्या.

पहिल्या नंदाबाई. त्यांचा नवरा सात वर्षांपूर्वी गेला, गुडघे दुखतात, चार घरची कामे आहेत. मी शब्द वाचला, त्यांनी आकडा सांगितला. आनंदी पाच. समाधानी पाच. प्रफुल्लित म्हणजे काय ते विचारले. मी म्हटले, फुलासारखे. त्या म्हणाल्या, तीन लिवा, फुलासारखं ऱ्हायला येळ कुटं असतो. भयभीत विचारले तर म्हणाल्या, कुनाला? अपराधीला त्या जरा चिडल्याच. त्यांनी कुणाचे काही घेतलेले नाही, एक लिहायला सांगितले.

एकूण अधिक सोळा आले. त्यांना सांगितले तर म्हणाल्या, "म्हंजे पास का? मग तुमचं किती आलं, भाऊ?"

मी सांगितले नाही. पण त्यांनी जाताना माझ्यासाठी न सांगता दोन भाकरी जास्त टाकल्या, त्या अर्थी त्यांनी टेबलावरचा कागद पाहिला असावा. त्यांना वाचता येते हे मी विसरलो होतो.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

लोणावळ्याच्या बाजारात लीलाबाईंचे चिक्कीचे दुकान आहे. इंदिरा नेहमी त्यांच्याकडूनच घेत असे. गर्दी नव्हती, फॉर्म पुढे केला. त्यांनी आनंदीला पाच दिले. मी विचारले, सतत? त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक समोर असेपर्यंत सतत. आणि दुकान बंद केल्यावर? तेव्हा पाय दुखतात, पण तो रकाना तुमच्याकडे नाही.

हा फॉर्ममधला दोष आहे.

त्यांनी मला अर्धा तास बसवून घेतले. चिक्कीचा एक नवा प्रकार खायला दिला. इंदिरेला तीळगुळाची आवडायची, हे त्यांना आठवत होते. मला ते माहीत नव्हते. घरी ती नेहमी शेंगदाण्याची आणायची, कारण मला ती आवडते.

शनिवार, १९ ऑक्टोबर

कार्ल्याला भिमाजीकडे गेलो. वीस वर्षे आमच्या घरी त्याच्याच शेतातला इंद्रायणी तांदूळ येतो. गेल्या आठवड्यातल्या पावसाने त्याचे उभे भात आडवे झाले आहे. बांधावर बसून फॉर्म भरला. दुःखी पाच, भयभीत पाच, संतप्त पाच. मी विचारले, इतके? तो म्हणाला, "सायेब, आमी रडत बसलो तर भात कोन उचलंल? पन तुमी कागद घिऊन इचारताय म्हनून खरं सांगितलं."

तेवढ्यात शेजारच्या शेतातला नथू आला. मग त्याचा भाऊ. मग आणखी दोघे, मग बायका. सगळे आपणहून ओळीत उभे राहिले. मला फार बरे वाटले. इतके सहकार्य मला कारखान्यात कधी मिळाले नव्हते. एक तासात बावीस फॉर्म झाले आणि सगळ्यांचे दुःख पाच. एका म्हातारबाबांनी तर सहा लिहायला सांगितले. मी म्हटले, पाचच्या वर जात नाही. ते म्हणाले, वरच्या सायबाला इचारून बघा.

नथूने आधारकार्डाची झेरॉक्स फॉर्मला टाचणीने जोडून दिली तेव्हा मी विचारले, हे कशाला? तेव्हा कळले. आडव्या झालेल्या भाताचा पंचनामा करायला माणूस येणार म्हणून गाव चार दिवस वाट पाहत होते, आणि तो माणूस म्हणजे मीच असे सगळ्यांनी धरले होते. या वर्षी गुंठ्यांबरोबर दुःखही मोजतात, असा समज झाला होता.

मी उभा राहून खुलासा केला. म्हणालो, मी सरकारी नाही, माझी मुलगी मला पुण्याला नेणार आहे, ते टाळण्यासाठी मला तुमचे आकडे हवे होते. मग ते म्हातारबाबा इतके हसले की त्यांना खोकला आला. पाणी द्यावे लागले.

भिमाजीच्या घरी जेवायला थांबावे लागले. निघताना नथूने सांगितले की त्याचे दुःख तीन करावे, पण आधारकार्ड राहू द्यावे, उपयोगी पडेल.

रविवार, २० ऑक्टोबर

दुसरे रीडिंग. चांगले तेरा, वाईट चौदा. उणे एक. उत्साही चार झाले आहे, कारण कामाची धावपळ. एकाकी दोन. त्या रकान्याकडे या आठवड्यात लक्ष द्यायलाच वेळ मिळाला नाही, त्यामुळे तो आकडा फारसा भरवशाचा नाही.

कौमुदीचे फोन चोवीस. कार्ल्याची हकीकत सांगितली तर ती खूप हसली आणि मग म्हणाली, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितली. शेवटी म्हणाली, फोन ठेवू नका, मी भाजी चिरतेय, नुसता चालू राहू दे. पंचवीस मिनिटे मी तिच्या सुरीचा आवाज ऐकत बसलो. माझ्यावर एवढी पाळत ठेवण्याची गरज नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

कार्ल्याचे फॉर्म मास्टर म्हणून चालणार नाहीत. म्हणून आमच्या रस्त्यावरच्या बंगल्यांत आणि मागच्या सोसायटीत गेलो. सगळे नोकरीपेशाचे, निवृत्त. कुणाला पंचनाम्याची अपेक्षा नाही.

नऊ फॉर्म भरले. आठ जणांचे अधिक वीस, म्हणजे सगळे चांगले पाच आणि सगळे वाईट एक. याहून वर फॉर्म जात नाही. अनघाताई, खंडाळ्याच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या, फॉर्म भरताना तीनदा चष्मा पुसायला थांबल्या आणि त्यांनीही वीसच लिहिले. वर म्हणाल्या, पाहून झाले की तो कागद फाडून टाका. नववे गृहस्थ अधिक अठरा. त्यांच्या बायकोने आतून विचारले, दोन कुठे गेले? त्यांनी कागद परत मागून वीस केले.

म्हणजे कार्ल्यात सगळे तळाला आणि इथे सगळे माथ्यावर. पावसाने आडवे झालेले भात आणि संगमरवरी फरशी यांत फरक असणार, पण इतका? माझा निष्कर्ष असा की आकडा माणसावर कमी आणि विचारायला कोण आले यावर जास्त अवलंबून आहे. असे माप मी पहिल्याच दिवशी रिजेक्ट केले असते.

पण करारावर सही आहे.

रविवार, २७ ऑक्टोबर

तिसरे रीडिंग. चांगले चौदा, वाईट तेरा. अधिक एक. प्रफुल्लित दोन झाले आहे. कशामुळे ते नीट सांगता येणार नाही. वहीत गुरुवारी एक रेघ आहे, तिच्यापुढे 'म्हातारबाबा, सहा' एवढेच लिहिलेले आहे.

अपराधी पाच.

आजवरची बेरीज उणे पाच. पुढच्या रविवारी अधिक पाच आले तरच घर राहते.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

नरक चतुर्दशी. दुखवट्याचे वर्ष म्हणून घरात कढई ठेवली नाही आणि आकाशकंदील लावला नाही. अशा घरी पहिल्या दिवाळीला फराळ इतरांनी आणून द्यायचा असतो. दोन-चार डबे येतील असा माझा अंदाज होता.

आज दुपारपर्यंत अकरा आले. डबा ठेवून कुणी जात नाही. प्रत्येकजण बसतो, पाणी घेतो आणि मग विचारतो, आमचा निकाल काय लागला? अनघाताईंना भीती होती की कागद मी फाडला नसेल. फाडला होता. मग त्या तासभर बसल्या आणि मला खरे आकडे तोंडी सांगितले. ते मी कुठेही लिहिणार नाही असे कबूल केले आहे. लीलाबाईंनी चिक्की पाठवली, तीळगुळाची.

नंदाबाईंनी सगळ्या चकल्या ताटात मांडून कोणत्या घरची कशी बिघडली ते सांगितले. मी व्हर्नियर काढून जाडी मोजली. त्यांचे म्हणणे आणि माझे आकडे एकदाही चुकले नाहीत. हातानेच कळते, म्हणाल्या.

या सगळ्या गर्दीत रेघा मारायच्या राहून गेल्या. शेवटच्या आठवड्यातच नोंदी अपुऱ्या, हे वाईट आहे.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. आपल्याकडे नाही.

भिमाजी आणि त्याची बायको करंज्या घेऊन आले. मी विचारले, पंचनामा झाला का? झाला, म्हणाला. खरा माणूस मंगळवारी येऊन गेला.

"पन तुमी बरं इचारलं, सायेब. त्यो नुसतं गुंठं इचारून गेला."

जाताना त्याने माझा आकडा विचारला. या माणसाला मी बांधावर बसवून सगळे विचारले होते, म्हणून खरा सांगितला. तो म्हणाला, मग पुन्याला जावा की, लेकच हाय. मी म्हटले, जायला हरकत नाही, पण न्यायला नको. त्याला ते लगेच समजले. कौमुदीला अजून समजलेले नाही.

शनिवार, २ नोव्हेंबर

आज कोणी आले नाही. सकाळीच उद्याचा हिशेब अंदाजे मांडून पाहिला. चांगले सोळा, वाईट बारा. अधिक चार. एक कमी पडतो आहे.

एक आकडा. पेन माझ्याच हातात आहे. शांत दोनचे तीन केले तर कुणाला कळणार? टेबलाशी पाऊण तास बसलो.

चुकीचे रीडिंग मी कारखान्यात एकदाही दिले नाही. वरून दबाव आला तेव्हाही नाही. घरी मात्र दिले, तेच इथे लिहून टाकतो.

इंदिरेला शेवटचे दोन महिने घरीच ऑक्सिजन लावला होता. बोटाला ऑक्सिमीटर मी लावायचो. तिला चष्म्याशिवाय दिसत नसे. ती विचारायची, किती? एक्याण्णव असला तर मी पंच्याण्णव सांगायचो. अठ्ठ्याऐंशी असला तर त्र्याण्णव. ती म्हणायची, छान. रोज, सकाळ-संध्याकाळ. खरे आकडे मी डॉक्टरांच्या वहीत लिहीत होतो, त्यामुळे उपचारात चूक झाली नाही. पण बिचारीला आपण कुठे आहोत ते कळले नाही. कळले असते तर कदाचित तिला काही सांगायचे असते, कुणाला बोलवायचे असते. एकतीस वर्षे ज्याची सही चालली, त्याने बायकोला खोटे माप दिले.

आकडा बदलणार नाही. चार तर चार.

एजंटाला दाखवायला लागेल म्हणून दुपारी माळा आवरला.

रविवार, ३ नोव्हेंबर

भाऊबीज. कौमुदी साडेनऊला आली. गाडी लावून बराच वेळ आतच बसली होती. मला वाटले फोनवर असेल.

चहा झाला. मी म्हटले, निकालाआधी एक बाकी आहे. हे माप तू चारशे लोकांना लावतेस, मला लावलेस. तुझे स्वतःचे रीडिंग कुठे आहे? ज्याचे गेज, त्याचे कॅलिब्रेशन आधी. ती म्हणाली, तिने कधी भरलाच नाही, ती फक्त गोळा करते. तिला कोरा फॉर्म दिला आणि मी करंज्या काढायला आत गेलो.

परत आलो तेव्हा भरून झाला होता आणि ती पेनाचे टोपण लावत-काढत होती. मी बेरीज केली. चांगले सात, वाईट एकोणीस. उणे बारा.

मला आधी वाटले, तिने रकाने उलटे भरले. तसे विचारलेही. ती नाही म्हणाली. मी पुन्हा बेरीज केली. दुःखी पाच, एकाकी चार, भयभीत चार. उणे बाराच.

भरून घेतलेल्या एकाही झेरॉक्सवर, कार्ल्याचा पंचनामा सोडला तर, इतका खालचा आकडा नव्हता. मी करंजी पुढे केली. ती खाता खाता रडली. सारण सगळे ओढणीवर सांडले.

मग डोळे पुसून तिने माझे चार कागद ओळीने लावले. तिच्या नजरेला सवय आहे, तिला लगेच दिसले. "हे अपराधीला चारही वेळा पाच कसले, बाबा?"

कालच लिहून काढले होते, त्यामुळे सांगता आले. एक्याण्णवचे पंच्याण्णव, अठ्ठ्याऐंशीचे त्र्याण्णव.

"आईला माहीत होतं," म्हणाली. "तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की ती चष्मा लावून परत बघायची. मग मला फोन करायची. आज बाबांनी चार वाढवून दिले, काल पाच दिले होते. हसायची."

मी विचारले, मग मला का नाही सांगितले?

"म्हणायची, त्यांना बरं वाटतंय, सांगू नकोस."

मी उठून मागच्या दारात जाऊन उभा राहिलो. किती वेळ ते पाहिले नाही.

परत येऊन चौथा फॉर्म घेतला. माहिती चुकीची होती असे सिद्ध झाले तर रीडिंग दुरुस्त करावे लागते, बाजूला सही करून. अपराधी पाचचे चार केले. ती म्हणाली, चारच? मी म्हटले, एका दिवसात याहून कमी करणे बरोबर नाही.

चांगले सोळा, वाईट अकरा. अधिक पाच. चार रविवारांची बेरीज: उणे पाच, उणे एक, अधिक एक, अधिक पाच. शून्य.

शून्य म्हणजे पास. तिने मान्य केले. म्हणाली, ठीक आहे, राहा तुम्ही इथे, आणि पर्स उचलली. मी तिला थांबवले.

"शून्याखालच्या माणसाने एकटं राहायचं नाही, हे कलम तुझंच आहे. त्यात माझं नाव लिहिलेलं नाही. बॅग आण."

ती म्हणाली, बाबा, माझं ऑफिस आहे. मी म्हटले, लॅपटॉप आहे ना? वीज इथेही असते. ती म्हणाली, कपडे? तेव्हा कळले की बॅग गाडीतच होती. चार दिवस झाले, म्हणाली, भरून ठेवली होती, पण कशी विचारू ते कळत नव्हते.

रविवार, १० नोव्हेंबर

साडेपाचला उठलो. कौमुदीबरोबर धरणापर्यंत, पन्नास मिनिटे. ती हळू चालते.

आठवडाभर ती जेवणाच्या टेबलावर बसून ऑफिसचे काम करत होती. मी आणि नंदाबाई कुजबुजत बोलत होतो. भाजी तिने चिरली, एकदा बोट कापले. आईच्या साड्यांचे कपाट दोघांनी मिळून उघडले, अर्धे झाले, अर्धे राहिले. शार्दूलचा जर्मनीहून फोन आला, त्याला तिने खरे रीडिंग सांगितले. तो डिसेंबरात पंधरा दिवस येतो आहे. पुढचे ठरले ते असे: दर शुक्रवारी ती इथे येईल, सोमवारी पहाटे जाईल. महिन्यातून एकदा मी चार दिवस पाषाणला जाईन, परतीचे तिकीट आधी काढून. लेखी काही केले नाही.

या आठवड्यात तिचा फोन एकही नाही. आज फॉर्मही नाही. उद्या तिची ऑफिसात महत्त्वाची मीटिंग आहे, म्हणून आज चारलाच निघाली. डबे परत द्यायचे आहेत, तेवीस आहेत. रिकामे देता येत नाहीत, आत काय घालायचे ते नंदाबाई उद्या सांगतील.

ती गेल्यावर गच्चीवरून तिच्या पलंगाची चादर आणली. वाळली होती. दुहेरी आहे, एका माणसाने घडी घालायला लांब पडते. एक टोक खिडकीच्या गजात अडकवले, दुसरे धरून दारापर्यंत मागे गेलो. ताणली, झटकली आणि चालत खिडकीशी आलो. कडा जुळल्या. आणखी दोनदा घडी घालून कपाटात ठेवली.